प्रेमलाने अर्धा ठेवलेला डाव

निपाणी, १२ जानेवारी २०२५

दिव्या,

वर ‘चिरंजीव’ लिहिलं होतं, ते खोडलं. तुला चालेल की नाही कळेना. हे पत्र फाडायचं असेल तर पहिलं पान वाचून फाड. मी काही मागायला लिहीत नाही. तुझा बेळगावजवळच्या पिरनवाडीचा पत्ता गोमटेशकडून घेतला. तुझ्या चुलतभावावर रागावू नकोस, तिसऱ्यांदा मागितल्यावर दिला त्याने.

माडीवरच्या खोलीतला तुझा कॉम्प्युटर मी काढून टाकणार होतो. शेजारच्या शालूबाईंची सून नीलम टायपिंगच्या क्लासात शिकवते. तिला म्हटलं, क्लासला उपयोग होत असेल तर घेऊन जा. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नाही अशी माझी समजूत. पण बटण दाबल्याबरोबर तो चालू झाला. नीलम म्हणाली, “आप्पा, ह्यो तर मागनं वापरलेला दिसतोय. बघा, कीबोर्डवर धूळ हाय, पर पाच-सहा वर्षांची न्हाय.”

पडद्यावर किल्ल्याच्या दरवाजाचं चित्र होतं. ते दाबल्यावर तुझा खेळ उघडला. कोटगड. कॉलेजात असताना तू रविवारी खेळत बसायचीस आणि मी खालून ओरडायचो, तोच. खेळ जिथे जिथे थांबवला त्या जागा तारखेसकट राहतात, हे मला माहीत नव्हतं. नीलमने यादी काढून दाखवली. सुरुवातीला तुझ्या नऊ. शेवटची ८ जून २०१९. त्याखाली आणखी एकसष्ट. पहिली त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली, शेवटची २८ सप्टेंबर २०२३. सगळ्या दुपारी दोन ते चारच्या मधल्या.

त्या वेळेला मी स्टँडवर ड्यूटीला असायचो. रिटायर झाल्यावर दोन ते चार खाली झोपायचो.

म्हणजे प्रेमला खेळत होती, तुझी आई. चार वर्षं. मला एका शब्दाने बोलली नाही. हे तुला कळायला हवं असं वाटलं, म्हणून लिहिलं. कॉम्प्युटर नीलमला दिलेला नाही.

— आप्पा


निपाणी, २ फेब्रुवारी २०२५

दिव्या,

तुझं कार्ड काल आलं. वर मायना नाही, खाली सही नाही, मधे तीन ओळी. ‘आई कुठपर्यंत पोचली होती? कुणाच्या बाजूने खेळत होती? कॉम्प्युटरवरचं काही पुसू नका.’ पोस्टमनने विचारलं, “बेळगावासनं कुणाचं?” मी म्हणालो, “मुलीचं.” बऱ्याच दिवसांनी तो शब्द माझ्या तोंडून गेला.

तुला उत्तर द्यायचं तर खेळ समजायला हवा, म्हणून नीलमकडून शिकतोय. बासष्टाव्या वर्षी. डाव्या हाताची बोटं चार बटणांवर, उजवा हात माउसवर, आणि नजर दोन्हीकडे नको, पडद्यावर हवी. पहिल्याच पुलावरून मी अकरा वेळा खाली पडलो. नीलम समोर हसत नाही. पाणी पिऊन येते म्हणून बाहेर जाते.

गोष्ट हिंदीत असल्याने अडलं नाही. मला समजली ती अशी, चुकलं तर सांग. कोटगड नावाचं गाव, भोवती तट. बाहेरच्या खेड्यांत साथ आलीय. राणी म्हातारी, सगळा भार किल्लेदार वीरसेनावर, आणि खेळणारा म्हणजे तोच. तो वेस बंद करतो. बाहेरची माणसं वेशीशी येऊन हाका मारतात. आत मंदाकिनी नावाची वैद्य आहे. पहारा बदलत असताना ती वेशीतला दिंडी दरवाजा उघडते आणि चाळीस जणांना आत घेते. पुढे गावात साथ पसरते, तीनशे बारा माणसं मरतात. शेवटी किल्लेदार तिला धरून चौकात आणतो आणि खेळ आपल्याला विचारतो, हिला बाहेर घालवायची की वेस सगळ्यांना उघडायची?

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. तुझी आई त्या चौकात उभी आहे. शेवटच्या दोन वर्षांतल्या चाळीसेक तारखा त्याच जागेच्या. यायची, बघायची, उत्तर द्यायची नाही, डाव पुन्हा जपून ठेवायची.

आणि किल्लेदाराची पिशवी रिकामी आहे. नीलम म्हणते, इथवर आल्यावर पिशवीत दोनशे तरी भाकरी असायला हव्यात. वेशीच्या फटीखालनं त्या बाहेर सरकवता येतात म्हणे. त्याने गुण वाढत नाहीत, गोष्टही बदलत नाही. तुझ्या आईने सगळ्या सरकवल्यात.

ती कुणाच्या बाजूने होती ते तूच ठरव. मी किल्लेदाराच्या बाजूचा. पस्तीस वर्षं मी निपाणी स्टँडवर कंट्रोलर होतो. एकदा चिकोडीची गाडी सुटायला आणि एक बाई पोर काखेत घेऊन गेटातनं पळत यायला एकच गाठ पडली. ड्रायव्हर आण्णाप्पाने माझ्याकडे बघितलं. मी शिट्टी मारली. गाडीत पन्नास माणसं बसलेली असतात. कुणाची कोर्टात तारीख असते, कुणाची परीक्षा असते. समोर पळणारी बाई दिसते, आत बसलेली पन्नास माणसं गप्प असतात म्हणून दिसत नाहीत. मंदाकिनीला हाका मारणारे दिसले. तीनशे बारा दिसले नाहीत. तिला मायाळू म्हणायला मी तयार नाही.

तुझं मत वेगळं असेल. लिही.

— आप्पा


निपाणी, २३ फेब्रुवारी २०२५

दिव्या,

या वेळी पूर्ण पान लिहिलंस, पण ‘आप्पा’ कुठेच नाही. असो.

तू लिहिलंस: ‘दुसऱ्या भागातली विहीर तुम्ही बघितलीच नाही. आईने नक्की बघितली असणार. खलनायक कोण ते विहिरीपाशी कळतं.’ मला राग आला. दोन दिवस कॉम्प्युटर लावला नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि विहिरीपाशी आलो. मागच्या वेळी तिथलं बोलणं मी वगळलं होतं. एक बटण दाबलं की समोरच्याचं बोलणं पुढे सरकतं, आणि मला पुढच्या लढाईची घाई होती.

या वेळी ऐकलं. वेस लावून तिसरा दिवस. शिपाई किल्लेदाराला विहिरीच्या पायऱ्यांवर नेतो आणि मेलेले उंदीर दाखवतो. साथ आत आलेलीच आहे. मंदाकिनीने चाळीस जण घेतले ते दहाव्या दिवशी. किल्लेदार शिपायाला म्हणतो, ही गोष्ट इथेच राहू दे. वर येऊन लोकांना सांगतो, आत सगळं ठीक आहे. पुढे माणसं मरायला लागल्यावर बोट मंदाकिनीकडे दाखवतो.

तर हे तुझं बरोबर. तीनशे बारा माणसं मंदाकिनीच्या माथी मारणं चुकीचं आहे. मी माघार घेतो.

पण किल्लेदाराला लगेच राक्षस ठरवू नकोस. विहिरीचं सांगितलं असतं तर लोक घाबरून एकमेकांना तुडवून मेले असते. आणि सगळ्या गावासमोर वेस लावल्यावर, तिसऱ्या दिवशी ‘मी चुकलो’ म्हणून ती उघडायची, याला किती बळ लागतं ते तुला नाही कळायचं. रोज एक दिवस जातो तशी ती जड होते. तू म्हणतेस त्याला लोकांची पर्वा नव्हती. होती गं. त्याला आपल्या अब्रूचीही पर्वा होती, आणि दोन्ही एकत्र होत्या.

एक गोष्ट कधी सांगितली नाही. ९ जून २०१९. सकाळी नऊ चाळीसची बेळगाव गाडी. तू फलाटाच्या खांबाआड निळी बॅग घेऊन उभी होतीस. तुला वाटलं असेल आप्पांनी बघितलं नाही. मी केबिनच्या खिडकीतनं बघितलं होतं. आदल्या दिवशी घरात झालेलं सगळं माझ्या डोक्यात होतं. मंदिरातली माणसं काय म्हणतील, तू निवडलेल्या रविराजच्या घरचे कोण, कुठले, आपलं कोण त्यांच्यात बसणार, हे सगळं. माझ्या हातात माईक होता. मी आधी कन्नडमध्ये पुकारलं, मग मराठीत, ‘बेळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.’ तू चढलीस. गाडी चार मिनिटं उशिरा काढता आली असती. खाली उतरून यायला एक मिनिट पुरलं असतं. मी नऊ चाळीसला शिट्टी मारली.

संध्याकाळी घरी आलो तर तुझी आई म्हणाली, “तुमच्याच स्टँडावरनं गेली व्हय?” मी म्हणालो, “मला काय ठावं.”

— आप्पा


निपाणी, १६ मार्च २०२५

दिव्या,

पत्र मिळालं. इकडे ऊन वाढलंय. नीलमच्या क्लासला परीक्षा असल्याने ती आठवडाभर आली नाही, त्यामुळे खेळ पुढे गेलेला नाही.

तू विचारलंस, ‘वेस लावली ते एक वेळ समजू शकते. पण आतल्यांना वेगळं आणि बाहेरच्यांना वेगळं असं दोन्हीकडे खोटं का सांगितलं?’ चौथ्या भागात तो आतल्यांना सांगतो की बाहेर आता कुणी जिवंत नाही, आणि बाहेरच्यांना सांगतो की आतल्यांनाच तुम्ही नको आहात. त्याबद्दल विचारते आहेस. मी विचार करून लिहीन.

तुझा खालचा प्रश्नही वाचला. त्याचं उत्तर आज देत नाही.

तब्येत बरी आहे.

— आप्पा


निपाणी, १८ मार्च २०२५

दिव्या,

परवाचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन तुझा खालचा प्रश्न पुन्हा वाचला. ‘आईला माझं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं, तर चार वर्षं ती माझा गेम का खेळत होती?’

३ ऑक्टोबर २०२३ ला तिला कोल्हापूरला दाखल केलं. किडन्या थकल्या होत्या. ती सतरा दिवस होती. पंधराव्या दिवशी, १७ तारखेला दुपारी चार वाजता तू आलीस. गोमटेशने मला न विचारता तुला कळवलं होतं. मी थर्मास घेऊन वर चाललो होतो, तू जिन्यात गाठलंस. तू म्हणालीस, “आप्पा, दोन मिनिटं सोडा. आत बी न्हाय जात, दारातनं बघते.” मी म्हणालो, “तिनंच सांगितलंय. दिव्याला सोडू नका, मला तिचं तोंड बघायचं न्हाय.” तू भिंतीला हात लावलास. मग खाली गेलीस.

तुझी आई असं कधीही म्हणाली नाही. ते मी बनवलं, तिथेच, जिन्यात, थर्मास हातात असताना.

ती रोज तुझं नाव घ्यायची. तू गेल्यावर तिने तुला फोन करू नये म्हणून मी तिला माझी शपथ घातली होती आणि चार वर्षं तिने ती पाळली. दवाखान्यात म्हणाली, “अवो, शपथ सुटली म्हणा की. फोन लावा तिला.” मी बाहेर व्हरांड्यात जायचो, फोन कानाला लावून उभा राहायचो, आत येऊन सांगायचो, “उचलत न्हाय.” असं पाच वेळा केलं. नंबर एकदाही लावला नाही. पाचव्यांदा ती म्हणाली, “रागात आसंल. राहू दे, तिला कशाला तरास.” आणि तोंड भिंतीकडे केलं.

तू जिन्यातनं गेल्यावर मी आत गेलो. वॉर्ड जिन्याला लागूनच होता. तिने डोळे उघडले होते. म्हणाली, “जिन्यात दिव्या बोलली न्हवं?”

मी म्हणालो, “न्हाय गं. नर्स.”

ती गुरुवारी गेली.

का केलं, ते लिहायचा प्रयत्न करतो. सुरुवातीला वाटलं आठ दिवसांत घरी जाऊ, कशाला वाढवायचं. भाऊबंद रोज भेटायला येत होते. त्यांच्यासमोर तू आलेली मला नको होतीस, हेही खरं. पण जिन्यातलं कारण वेगळं होतं. तोपर्यंत मी तिला पाच वेळा सांगून बसलो होतो की तू फोन उचलत नाहीस. तू दारात उभी राहिली असतीस तर एका मिनिटात तुम्हा दोघींनाही सगळं कळलं असतं. मरणाऱ्या बायकोसमोर मी खोटा पडलो असतो. ते मला नको होतं, म्हणून तुला परत पाठवलं, आणि वर तिचं नाव पुढे केलं. मेल्यावर तिला ते नाकारताही येणार नव्हतं.

किल्लेदार असं का वागला हे तू विचारलंस. त्याचं मला माहीत नाही. माझं मी लिहिलं.

तुझी आई शेवटपर्यंत तुझ्या बाजूने होती. तिच्या मनात तुझ्याबद्दल राग होता म्हणून गेलं दीड वर्ष तू जे काही सोसलं असशील, ते माझ्या तोंडून आलं. तिच्या नव्हे.

— जिनपाल मगदूम


निपाणी, २० एप्रिल २०२५

दिव्या,

महिना झाला. तू लिहिलं नाहीस. बरोबर आहे.

एवढंच कळवतो की गोमटेशला मी स्वतः सांगितलं. तो समोरच्या खुर्चीत बसला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, काकूच्या तोंडात घातलंसा व्हय ते?” उठून गेला. पुढ्यातला चहा तसाच होता. त्यानंतर आलेला नाही. मंदिरात दोघांना सांगितलं. तिसऱ्याला सांगायच्या आधी त्याला कळलेलं होतं.

खेळ मी बंद केला आहे. तुझ्या आईच्या तारखांना धक्का लावलेला नाही. नीलमने येऊन खोली झाडून दिली.

— आप्पा


निपाणी, १२ मे २०२५

दिव्या,

काल तू आलीस. जे झालं ते तुला माहीतच आहे, तरी आधी ते लिहून काढतो. मला माझ्या सोयीचं ऐकायची सवय आहे. मी ऐकलं ते आणि तू बोललीस ते एकच आहे का, बघ.

सकाळी साडेदहाला मोटारसायकलचा आवाज आला. तू सरळ जिना चढून वर गेलीस. रविराज बाहेर कडुनिंबाखाली थांबला होता. सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा जवळून बघितलं. केस पुढून विरळ झालेत. म्हटलं, “आत या.” तो म्हणाला, “राहू दे मामा. तिला येऊ दे आधी.” पाणी दिलं, ते घेतलं. एवढंच आमचं बोलणं.

वर आलो तर तू खुर्चीत बसली होतीस. मी दारात उभा राहिलो, आत या म्हणाली नाहीस. तुझ्या आईचा शेवटचा डाव तू उघडला होतास. चौक, मधे मंदाकिनी गुडघ्यावर, मागे वेस. काही केलं नाही तरी तिथे किल्लेदाराचा श्वास ऐकू येतो आणि वेशीपलीकडनं माणसांच्या हाका येतात. ते ऐकत तू बराच वेळ बसलीस. किल्लेदाराला जरा इकडेतिकडे चालवलंस. रिकामी पिशवी उघडलीस, मिटलीस. तुझी पाठ माझ्याकडे होती. पाठीवरनं कळत होतं.

मी विचारलं, “तू काय निवडणार? वेस उघडणार?”

तू वळलीस. म्हणालीस, “गेमचं बोलायला आले न्हाय मी, आप्पा. गेमचं लई झालं. मंदाकिनी चांगली का वाईट, किल्लेदार चांगला का वाईट. त्याच्या आड बसून बोलत होतो आपण दोघंबी. मला वाटायचं, तेवढं तरी बोलतात. आणि तुम्ही हे पोटात ठेवून बोलत होता.”

मी म्हणालो, “व्हय.”

“मी जिन्यातनं खाली आले, ती स्टँडापर्यंत चालत गेले. माझी चप्पल तुटली ते मला बेळगावात उतरल्यावर कळलं. दीड वर्ष सासूबाई मला म्हणतात, आई लेकराला असं म्हणत न्हाय, तू ऐकण्यात चुकलीस. परक्या बाईला कळलं ते. मला न्हाय कळलं. मी तुमच्यावर विश्वास ठेवला.”

मी “दिव्या” एवढंच म्हणालो. तू हात वर केलास, थांबा म्हणून.

मग पर्समधनं पेनड्राइव्ह काढलास, आईच्या सगळ्या तारखा त्यात उतरवून घेतल्यास. कॉम्प्युटर बंद करून उठलीस. जिन्याच्या तोंडाशी मी विचारलं, “माफ करशील का कधी?”

तू म्हणालीस, “ते इचारू नका. ते मला ठावं न्हाय, आणि तुम्हाला सांगायला मी बांधील न्हाय.”

दोन पायऱ्या उतरून थांबलीस. “सतरा दिवस तुम्ही तिच्याजवळ होता, मी न्हवते. त्या सतरा दिवसांत ती काय काय बोलली, ते सगळं लिहून पाठवा. एकेक दिवस. गोड तेवढंच निवडू नका. मला शिव्या घातल्या असतील तर त्याबी लिहा. तुम्ही काय उत्तर दिलंसा तेबी. ते माझं हाय, आप्पा. ते तुमच्याकडं राहिलंय.”

आणि गेलीस. जेवून जा म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं, म्हटलं नाही. रविराजने गाडी वळवताना मान हलवली.

तू गेल्यापासून मी आठवत बसलो होतो. कुठे घोळ होतो. सातवा आणि आठवा दिवस मला वेगळा करता येत नाही. दोन दिवस ती जवळजवळ बोललीच नाही. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असं लिहीन, भर घालणार नाही. माझी उत्तरं मात्र सगळी आठवतात.

पहिल्या दिवसापासून लिहितो.

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार. सकाळी पावणेअकराला गोमटेशने गाडी दारात आणली. मी तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवली, उशी दिली. तिचे पाय सुजले होते, जोडवी निघत नव्हती. मी पुढे बसलो. हायवेला लागल्यावर तिने मागनं माझ्या खांद्याला बोट लावलं आणि विचारलं, “दिव्याला कळवलंसा?”

मी म्हणालो, “कळवलं.”

ती म्हणाली, “मग गाडी जरा सावकाश घ्याला सांगा. पोरगी मागनं येत आसंल.”